किती पिढ्यांनी माणूस गावचा होतो?

परप्रांतीय कोण, घुसखोर कोण, भूमिपुत्र कोण, यावर आज गल्लीपासून दिल्लीपर्यंत वाद चालू आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आसामातील राष्ट्रीय नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली आणि 19 लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्वाचा कायदा बदलला आणि नागरिकत्व देण्यासाठी धर्म हा निकष पहिल्यांदाच त्यात लिहिला गेला. मुंबईत भूमिपुत्रांच्या नावाने 1966 पासून राजकारण चालू आहेच. तिकडे युरोप-अमेरिकेतही हाच प्रश्न गाजतो: बाहेरून आलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी त्या देशाची झाली की नाही?

या वादात एक गोष्ट दोन्ही बाजू गृहीत धरतात. काळ गेला की परका आपोआप आपला होतो. पहिली पिढी उपरी असते, दुसरी भाषा शिकते, तिसरी आजोबांचे गाव विसरते आणि मिसळून जाते. आमचे म्हणणे असे की हे गृहीतकच खोटे आहे. कुणाला आपले म्हणायचे हे येणाऱ्याच्या वागण्यावरून किंवा वर्षे मोजून ठरत नाही. दार कुणाच्या हातात आहे आणि तो ते उघडतो का, यावर ते ठरते. याचा पुरावा शोधायला न्यूयॉर्कला किंवा गुवाहाटीला जायची गरज नाही. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या वेशीवर उभे राहिले तरी पुरे.

वतन होते, मायभूमी नव्हती

आटपाडी म्हणजे माणदेश. पाऊस बेताचा, माणगंगा बहुतेक दिवस कोरडी, दुष्काळ पाचवीला पुजलेला. 1948 पर्यंत हा मुलूख औंध संस्थानात होता. विलीनीकरणानंतर तो सातारा जिल्ह्याला जोडला गेला, 1949 साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याचेच नाव सांगली झाले. इथल्या एखाद्या माणसाने जागचे न हलता बारा वर्षांत इतके सरकारी पत्ते पाहिले. एक पत्ता मात्र बदलला नाही: महारवाडा, गावकुसाबाहेर.

जुन्या गावगाड्यात शिवेवरून शेजारच्या गावाशी तंटा झाला की साक्ष महाराची घेत. शीव कुठून कुठे जाते, कुठला दगड कधी रोवला, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसे. काही जुन्या अभ्यासकांनी तर महारांचे राष्ट्र ते महाराष्ट्र अशी व्युत्पत्ती सांगितली. ती बरोबर की चूक हे भाषेच्या पंडितांनी ठरवावे. आमचा मुद्दा साधा आहे. ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरे, त्याला गावकुसाच्या आत घर नव्हते. म्हणजे ‘इथला सर्वांत जुना रहिवासी कोण’ हा प्रश्न गावाने कधी विचारलाच नव्हता. त्याचे उत्तर गावाला ठाऊक होते आणि ते गैरसोयीचे होते.

‘वतन’ हा शब्द पाहा. हिंदी-उर्दूत वतन म्हणजे मायदेश, ज्याच्यासाठी जीव द्यावा ती भूमी. मराठी गावगाड्यात महाराचे वतन म्हणजे तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात बापाकडून मुलाकडे चालत येणारी राबणूक. सांगावा पोचवायचा, सरकारी माणसाचे ओझे वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे, बेवारस प्रेताची राखण करायची. हे वतन मोडावे म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला तो 1958 साली, बाबासाहेबांच्या पश्चात. 14 ऑगस्ट 1931 रोजी मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले की आपल्याला मायभूमी नाही. पुस्तकी देशभक्तांना ते उद्धट वाटले असेल. ज्याच्या बापजाद्यांना वतन होते पण मायभूमी नव्हती, त्याला ते शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

आटपाडीच्या याच महारवाड्यात 1921 साली शंकरराव खरात जन्मले. पुढे ते वकील झाले, ‘प्रबुद्ध भारत’चे संपादक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, 1984 साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘तराळ अंतराळ’. तराळ म्हणजे गावकीची पाळी करणारा महार. त्यात विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आहे. जिथले पाणी महाराला बाटवता येत नव्हते, त्या विहिरीत पडलेले प्रेत काढायला मात्र महारानेच उतरायचे. खरातांचे वडील उतरले. गाव काठावर होते. गावचा असण्याचे कर्तव्य सगळे महाराकडे आणि हक्क सगळे गावाकडे, ही वाटणी याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

बाहेर गेलेला आपला, आत राहिलेला परका

आता याच तालुक्याची दुसरी बाजू पाहू. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली हजारो कुटुंबे गलाईच्या धंद्यात आहेत. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करायचे हा तो धंदा. त्यासाठी ही माणसे तामिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश, बंगाल अशी देशभर पसरली. त्यांची मुले तिथल्या शाळेत तिथल्या भाषेत शिकली. काहींची दुसरी, काहींची तिसरी पिढी तिकडेच जन्मली. तरीही गावच्या जत्रेला ती येतात, गावात बंगला बांधतात, देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पाटीवर त्यांची नावे लागतात. जिथे राहतात त्या शहरानेही त्यांना धंद्याला जागा दिली. दोन्हीकडे त्यांचे कुणीतरी आहे. त्यांच्या कष्टाबद्दल आम्हाला आदर आहे आणि त्यांचे हे सुख कमी व्हावे अशी आमची इच्छा नाही. आम्ही फक्त हिशेब मांडतो आहोत. हजार-पंधराशे किलोमीटरवर तीन पिढ्या काढलेला माणूस ‘आपला गाववाला’ राहतो आणि वेशीबाहेर शेकडो वर्षे काढलेला माणूस गावचा होत नाही. मग अंतर आणि काळ ही मोजमापे कामाचीच नाहीत.

याच मातीतले दुसरे लेखक व्यंकटेश माडगूळकर, आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे. त्यांच्या ‘बनगरवाडी’त धनगरांच्या वस्तीवर एक परका तरुण मास्तर येतो आणि थोड्याच काळात वस्तीचा होऊन जातो. कादंबरी गाजली ती योग्यच. पण तिच्या शेजारी ‘तराळ अंतराळ’ ठेवून वाचा. दोन्ही पुस्तके एकाच माणदेशाची. एकात नवखा वर्षा-दोन वर्षांत आत घेतला जातो, दुसऱ्यात जुना रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवला जातो.

आमचीही माणसे माणदेश सोडून मुंबईला गेली. तिथे काय झाले? कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण तिथे कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या थुंकीचा विटाळ इतरांना चालत नसे. जास्त पगाराचे खाते म्हणून ते बंद. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला. म्हणजे गाव सुटले तरी वेस पाठीमागून आलीच.

नववी पिढी आणि चौथी पिढी

‘किती पिढ्यांनी?’ हा प्रश्न बाबासाहेबांनी स्वतः अभ्यासला होता, हे आपल्यातल्या अनेकांच्या वाचनातून निसटते. 1948 साली त्यांचा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ आला. त्यातली मांडणी थोडक्यात अशी: टोळ्यांच्या लढायांत मोडून विखुरलेली माणसे स्थिरावलेल्या गावांच्या आश्रयाला आली. त्यांना बाबासाहेब ‘ब्रोकन मेन’, म्हणजे वाताहत झालेली माणसे, म्हणतात. गावाला राखणदार हवे होते, त्यांना भाकर हवी होती. पण ती वेगळ्या रक्ताची म्हणून वेशीबाहेर वसवली गेली. इतिहासकारांनी या मांडणीवर वाद घातला आहे आणि घालावा. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो त्यातला पुढचा प्रश्न. अशी वेशीबाहेरची वस्ती फक्त भारतात होती काय? बाबासाहेब सांगतात, नाही. आयर्लंडमध्ये ‘फुइधिर’ होते, वेल्समध्ये ‘अल्टुड’ होते. तेही परके, तेही आश्रित, तेही वेगळे वसवलेले. मग त्यांच्या वस्त्या पुढे दिसेनाशा का झाल्या?

वेल्सच्या परंपरेचा नियम बाबासाहेबांनी नोंदवला आहे. परक्याचे वंशज नुसते तिथे राहत गेले तर नवव्या पिढीत वेल्सचे होत. आणि पिढ्यान्‌पिढ्या वेल्सच्या मुलींशी लग्ने होत गेली तर चौथ्या पिढीतच होत. नऊ आणि चार. रहिवासाने नऊ, बेटीव्यवहाराने चार. त्या जुन्या टोळीसमाजाने परक्याला आत येण्याचा रस्ता लिहून ठेवला होता. लांबचा का होईना, पण रस्ता होता.

आपल्याकडे आकडा किती? नऊ नाही, नव्वद नाही. आकडाच नाही. कारण बेटीव्यवहाराचे दार बंद आणि त्या दाराला धर्माचे कुलूप. जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न, हे बाबासाहेबांनी पंचविशीत, 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते. ते न्यूयॉर्कमध्ये होते तो काळ लक्षात घ्या. युरोपातून बोटी भरून माणसे येत होती आणि या सगळ्यांचे मिळून एक राष्ट्र कसे होणार, ही चर्चा तिथे जोरात होती. त्या शहरात बसून भारतातला हा तरुण दाखवत होता की एका देशात अनेक वंशांची सरमिसळ होऊन, संस्कृती एक होऊनही समाजाचे बंद डबे होऊ शकतात. केवळ शेजारी राहून राष्ट्र होत नाही, हा तो धडा.

आणि आत येण्याचा रस्ता जात कसा अडवते याचे उदाहरण बडोद्यात आहे. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना तिथे राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन ते पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. पारशी समाज शेकडो वर्षांपूर्वी इराणातून आश्रयाला आला. बाहेरून आलेला समाज या भूमीत इतका मुरला की इथला विटाळही त्याने उचलला, आणि ज्याला हाकलले तो इथलाच होता. नव्याने येणाऱ्याला हा देश आत घेतो तो अनेकदा याच अटीवर: आमच्याबरोबर खालच्याला खाली ठेवा. हा प्रसंग ज्या आठवणींत आहे त्यांना बाबासाहेबांनी नाव दिले ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. मसूर स्टेशनवरून गोरेगावला जाताना रात्रभर पाण्यावाचून तळमळलेली साताऱ्याची ती मुले त्याच आठवणींत आहेत. स्वतःच्या देशात, स्वतःच्या जिल्ह्यात व्हिसाची वाट पाहणारी.

गाव की माणूस?

हे कुलूप फोडायचे कसे, यावर दोन उत्तरे आली आणि दोन्हींचा आटपाडीशी संबंध आहे. 1939 साली औंधच्या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने ग्रामपंचायतींवर उभी असलेली स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेली माणसे भिंतीवाचून, विश्वासावर तिथे राहू लागली. ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा हीच. हा प्रयोग थोरच. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. समाजाने मनावर घेतले तर खुनाच्या गुन्हेगारालाही तो एका पिढीत माणसांत आणू शकतो. तरीही गावालाच घटक मानणारे स्वराज्य आले म्हणून वेशीबाहेरची वस्ती वेशीच्या आत गेली नाही.

दुसरे उत्तर बाबासाहेबांचे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याला कोतेपणाचे आणि अज्ञानाचे डबके ठरवले आणि मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा आनंद व्यक्त केला. ऑगस्ट 1949 मध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली. जगात दुसरीकडे नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शीख माणसाला भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी दुरुस्ती पंजाबराव देशमुखांनी सुचवली. सभागृहाने ती स्वीकारली नाही. संविधानाच्या पाचव्या कलमात जन्म आहे, आईबाप आहेत, वास्तव्य आहे. जात नाही, धर्म नाही. ज्या समाजात रक्तावरून गावची माणसे ठरत, तिथे भूमीवरून देशाची माणसे ठरवण्याचा हा निर्णय होता. वेल्सला ज्याला नऊ पिढ्या लागत, ते संविधानाने एका तारखेला केले. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर बाबासाहेबांनी अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती. गाव आत घेत नसेल तर नवे गाव मागण्याचा हक्क, असा स्थलांतराचा अर्थ त्यांनी लावला.

आजोबांचा दाखला

मग प्रश्न सुटला काय? मुंबईच्या झोपडपट्टीत जन्मलेल्या, आटपाडी कधी न पाहिलेल्या पोराला विचारा. जातीचा दाखला काढायचा तर 10 ऑगस्ट 1950 पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा लागतो. पणजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर महसुली नोंद. ज्याला शाळेत बसू दिले नाही त्याचा शाळेचा दाखला! आणि ज्याला जमीन नव्हती त्याची जमिनीची नोंद! शिवाय जुना कागद सापडलाच तर त्यावर औंध संस्थान लिहिलेले, म्हणून पुन्हा हेलपाटे. ज्याच्या साक्षीवर गावाची शीव ठरत होती, त्याच्या नातवाच्या नातवाला आज गावाच्या दप्तराची साक्ष लागते.

राज्याची सीमा ओलांडली तर आणखी पेच. अनुसूचित जातींची यादी राज्यवार आहे. म्हणून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तिथल्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1990 साली आणि पुन्हा 2018 साली सांगितले. माणूस हलला की हक्क मागे राहतो, पण अपमान सोबत जातो. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निदान ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण राज्याच्या सीमेवर थांबत नाही, हे मान्य केले. कारण उघड आहे: जातीला सीमा नसते.

देशाचीही नसते. हिंदू माणूस जगात जिथे जाईल तिथे जात हा जगाचा प्रश्न होईल, हा श्रीधर व्यंकटेश केतकरांचा इशारा बाबासाहेबांनी 1916 च्या निबंधात उद्धृत केला होता. 1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात भगतसिंग थिंद यांच्या वतीने असा युक्तिवाद झाला की ते उच्च जातीचे आर्य आहेत, जातिबंधनामुळे रक्त शुद्ध राहिले आहे, म्हणून त्यांना गोरे धरून नागरिकत्व द्यावे. न्यायालयाने दावा फेटाळला. गोऱ्यांच्या वेशीवर उभे राहून ‘आम्हीही खालच्यांना शिवत नाही’ असे सांगणाऱ्याला गोऱ्यांनी वेशीबाहेरच ठेवले. आणि ‘परदेशात जन्मलेल्या पिढीत जात उरली नाही’ म्हणणाऱ्यांनी सांगावे की फेब्रुवारी 2023 मध्ये सिॲटल शहराला जातीय भेदभावबंदीचा नियम का करावा लागला? कॅलिफोर्नियात तसाच कायदा विधिमंडळात मंजूर झाला तेव्हा तो राज्यपालांच्या नकाराधिकाराने अडेपर्यंत विरोध कुणी केला? ब्रिटनमध्ये 2013 साली संसदेने दिलेले आश्वासन 2018 साली सरकारने गुंडाळले, ते कुणाच्या आग्रहाने?

समरसता नको, समता हवी

इथे काही जण गोड आवाजात ‘समरसता’ सुचवतात. विरघळून जा, जुने काढू नका, आपण सगळे एकच. विरघळायचे कुणी आणि कुणात, हे मात्र सांगत नाहीत. वेल्सच्या परक्याला हक्काचा दर्जा मिळत होता, नुसती मिठी नव्हे. बाबासाहेबांनीही 14 ऑक्टोबर 1956 रोजी वरच्यांच्या घरात कोपरा मागितला नाही. ते लाखो माणसांना घेऊन याच भूमीतल्या बुद्धाच्या धम्मात गेले. ओळख पुसून नव्हे, नवी ओळख कमावून ते या देशाचे अधिक झाले.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. एक, नागरिकत्वाला आणि हक्काला पणजोबांचा कागद ही कसोटी असू नये. भटके-विमुक्त, भूमिहीन, ऊसतोड कामगार हे या कसोटीत पहिल्यांदा नापास होतात. दोन, राज्य बदलले म्हणून अनुसूचित जातीच्या माणसाचा हक्क हरवू नये, यासाठी संसदेत कायदा मागितला पाहिजे. तीन, उत्तरेतून आलेल्या मजुराविरुद्ध ‘भूमिपुत्र’ ही घोषणा आपल्या पोरांनी देऊ नये. त्या मजुरांत आपल्यासारखेच वेशीबाहेरचे लोक आहेत. आणि ज्या तराजूने त्यांना मोजता, त्याच तराजूने आपल्याला मोजले गेले आहे. चार, आपल्या वधू-वर मेळाव्यांत पोटजात विचारणे बंद झाले पाहिजे. चौथ्या पिढीचा तो रस्ता लग्नातून जातो, आणि बौद्ध, मातंग, चर्मकार यांनी तो एकमेकांसाठी उघडला नाही तर आपण सवर्णांकडे कोणत्या तोंडाने दार मागणार?

आटपाडीनेच याचे एक उत्तर दिले आहे. 1993 पासून तिथे पाणी परिषदा भरल्या. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने दुष्काळी तालुक्यांनी कृष्णेच्या पाण्यात वाटा मागितला आणि मागताना समन्यायी वाटपाचे तत्त्व लावले: पाणी जमिनीच्या मापाने नको, प्रत्येक कुटुंबाला हवे, भूमिहीनालाही हवे. टेंभूचे पाणी आज माणदेशात आले आहे. ते तत्त्व पूर्णपणे उतरवण्याची लढाई बाकी आहे. पण त्या मागणीत गावचा कोण याची नवी व्याख्या आहे: जो इथे जगतो तो इथला, त्याचा पाण्यावर वाटा. त्यात पिढ्या मोजाव्या लागत नाहीत. जिथे विहिरीत प्रेत काढायला उतरणाऱ्याला पाण्याचा हक्क नव्हता, तिथून ही व्याख्या निघाली आहे. ती गावोगाव नेणे, पाणी वापर संस्थेच्या यादीत भूमिहीन बौद्ध, मातंग, रामोशी कुटुंबांची नावे आहेत की नाहीत हे तपासणे आणि नसतील तर ती लावून घेणे, हे आपल्या तरुणांचे काम आहे.

जय भीम!